तेवीस किलो आणि दोन पाय

आमच्या गल्लीतल्या काकी अमेरिकेला जाऊन पोचल्या. लेकीचं बाळंतपण. लेक साखराळ्याच्या आरआयटीत इंजिनिअरिंग शिकली, पुढं एमएसला गेली ती तिकडचीच झाली. इस्लामपुरात आता दर गल्लीतनं अशी एक लेक निघते आणि सहा-सात वर्षांनी तिच्यामागून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन तिची आई निघते.

लेक बोलावते ठीक, पण विमान कुठल्या कंपनीचं? त्यासाठी आण्णांनी, म्हणजे काकींच्या मालकांनी, रविवारी सकाळी नऊला ओसरीवर बैठक बोलावली. ऊसदराच्या सभेइतकी नाही, पण सोयरिकीच्या बैठकीपेक्षा जास्त माणसं जमली. दोनदा दुबईला जाऊन आलेले एक तात्या अध्यक्षस्थानी. जावई मोबाइलच्या पडद्यावर जांभया देत. त्यांच्याकडं शनिवारच्या रात्रीचे साडेअकरा. मी चहापुरता.

पहिला प्रश्न तात्यांचा. "किलो किती सोडतंय?"

खरं तर शेवटचा प्रश्नही तोच होता. एक कंपनी तेवीस किलोच्या दोन बॅगा सोडते, दुसरी तेवढ्याच पैशात एकच. दुसरी तिथल्या तिथं बाद. ज्या तालुक्यात वर्षभराची मेहनत शेवटी काट्यावर जाते आणि काटामारीच्या संशयावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, तिथं विमानाची प्रत दुसऱ्या कशावर ठरणार? आण्णांनी बॅगा पुढच्या आठवड्यात घरच्या काट्यावर तोलल्या, मग भुसार दुकानात, मग रद्दीवाल्याकडं. तिन्ही आकडे वेगळे. "विमानतळावरचा काटा कुणाच्या बाजूचा असतोय?" त्यांनी विचारलं. कंपनीच्या, असं सगळे एका सुरात म्हणाले. गावाला अनुभव दांडगा.

दुसरा ठराव दराचा. उसाला निदान सरकारनं ठरवलेली एफआरपी असते. तिकिटाला तीही नाही. सकाळी बघितलेला दर दुपारच्या चहापर्यंत वर गेला, आणि आंदोलन नेमकं कुठं करायचं ते कळेना. नाहीतर हायवेवरचा पेठ नाका अडवायला चार पोरं तयार होती.

मग कुणीतरी हळूच 11ए सीट मिळंल का विचारलं. 12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं, आतल्या 242 जणांपैकी एकटा वाचला, तो 11एवर बसला होता. त्यानंतर हा आकडा लोकांच्या डोक्यात ताईत होऊन बसलाय. त्या विमानात ती जागा संकटकाळच्या दाराशेजारी होती, एवढंच. दुसऱ्या विमानात 11ए कुठंही असू शकते, एखाद्यात पडद्यापलीकडं बिझनेस क्लासात. हे सांगितल्यावर ओसरी गप्प झाली. त्या दोनशे एक्केचाळीस माणसांची आठवण सगळ्यांनाच झाली असणार. तात्यांनी खाकरून विषय जेवणावर नेला.

जेवणाचं म्हणाल तर आण्णा माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी ठामपणे सांगितलं, "हिंदू जेवण लिहा." जावयांची झोप तिथं खाडकन उडाली. कारण विमानाच्या भाषेत 'हिंदू मील' म्हणजे बहुतेक कंपन्यांत गोमांस सोडून बाकी सामिष. वरचं झाकण उघडलं की कोंबडी. शाकाहारी माणसानं मागायचं ते 'एशियन व्हेजिटेरियन', आणि तेही निघण्याच्या चोवीस-अठ्ठेचाळीस तास आधी. आण्णा बराच वेळ छपराकडं बघत होते. पंढरीची वारी केलेल्या माणसाला आपण हिंदू जेवणात बसत नाही हे रविवारी सकाळी नऊला कळावं, हे बरं नव्हे.

एवढ्या सगळ्यात काकींना कुणी काही विचारलं नाही. त्या आत लाडू वळत होत्या.

त्या लाडवांचं तरी कुणी विचारायला हवं होतं. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस. यातलं सुकं खोबरं विमान वाहतुकीत धोकादायक मालात मोडतं. तेलकट असल्यानं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून खोबऱ्याच्या वाट्या सामानातनं काढून घेतात आणि आपण समजतो त्यांना प्रसाद हवा होता. खसखस तर संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदीत अमली पदार्थ. आणि आमच्या कांदा-लसूण मसाल्यात दोन्ही असतात. म्हणजे जो डबा आपण प्रेमानं भरून देतो तो एकाच वेळी ज्वालाग्राही आणि अमली. ज्यांचं विमान दुबईत थांबतं त्यांनी किलो मोजण्याआधी विमानाची वाट तपासावी आणि लाडू बिनखसखशीचे वळावेत. काकींनी शेवटी खसखस आणि खोबरं दोन्ही काढलं. "मग लाडू कशाचा ऱ्हायला?" हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

कंपनी निवडताना मी एकच विचारलं: विमान कुठलं? सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू चहा पिऊन झाल्यावरही हा माणूस उठला नाही. पण ट्रॅक्टर घेताना आपण रंगावर जात नाही, एचपी विचारतो. तसंच हे. बोइंग 777 च्या साध्या वर्गात पूर्वी बऱ्याच कंपन्या एका ओळीत नऊ माणसं बसवायच्या. विमान तेवढंच राहिलं, रुंदी तेवढीच राहिली, आता बहुतेकांनी दहा केली. आपल्या वडापच्या जीपवाल्याला हे सुचलं तेव्हा आपण त्याला शिव्या घातल्या. तिकडं त्याला व्यवस्थापन म्हणतात. बोइंग 787 आणि एअरबस 350 या नव्या विमानांत साधारण नऊची ओळ असते, आणि आतली हवाही जुन्या विमानांपेक्षा जरा सुसह्य.

हवा सुसह्य म्हणजे काय, तर विमान अकरा-बारा किलोमीटरवर उडतं, पण आत जमिनीसारखी हवा नसते. आतला दाब असतो 1800 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा. नव्या विमानांत 1800 च्या जवळ, जुन्यांत चोवीसशेकडं. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे सीटबेल्ट बांधून बसलेल्या काकी चौदा-सोळा तास कळसूबाईच्याही वर असतात, आणि तिथं त्यांना कुणी घंटा वाजवू देत नाही. धडधाकट माणसाला याचं काही वाटत नाही. दम्याच्या, हृदयाच्या, रक्त कमी असलेल्या माणसानं मात्र तिकिटाआधी डॉक्टर गाठावा. आमच्याकडं उलटं आहे. तिकीट आधी, डॉक्टर नंतर, आणि डॉक्टरनं 'नको' म्हटलं की दुसरा डॉक्टर.

महाबळेश्वरला गेल्यावर चिवड्याचं पाकीट फुगतं ते बघितलंय ना? ते साडेतेराशे मीटरच्या आसपास. विमानात हवा पावपट ते तृतीयांशपट फुगते, पाकिटातलीही आणि पोटातलीही. निघायच्या दिवशी 'उपाशी जाऊ नको' म्हणून मटकीची उसळ आणि वर वाटीभर कांदाभजी खाऊ घालणारे नातेवाईक शेजारच्या प्रवाशाचे वैरी असतात. आणि वर गेल्यावर जिभेला मीठ आणि साखर दोन्ही कमी लागतात, म्हणून ते जेवण पांचट वाटतं. आचाऱ्याचा दोष निम्माच. या एका बाबतीत आमचा भाग जगाच्या पुढं आहे. काकींच्या पर्समध्ये कोरडा ठेचा होता. ओला नेला असता तर शंभर मिलिलीटरच्या नियमात अडकला असता आणि तपासणीवाल्याच्या घरी गेला असता.

पण खरी गोष्ट पायांची. ती कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत नसते.

हिशोब घाला. दुपारी एकला इस्लामपुरातनं गाडी निघते. मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सहापदरीकरणाची कामं, कराडजवळचा सर्व्हिस रोड, खंबाटकी, पुण्याची बगल, एक्स्प्रेस वे. धरा आठ तास. काकी मागच्या सीटवर मधे, मांडीवर पिशवी, पायाखाली दुसरी पिशवी. विमानतळावर चार तास आधी, तेही खुर्चीत. दुबईपर्यंत तीन तास, तिथं पाच, पुढं न्यूयॉर्कपर्यंत चौदा. बेरीज चौतीस तास. थेट विमान घेतलं तर विमानातलं बसणं सोळा तासांचं, एकूण अठ्ठावीस. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात सलग दोन तास बूड टेकलं नाही, तिला आपण दीड दिवस खुर्चीत कोंबतो आणि वर म्हणतो, 'आराम कर आता.'

बसून राहिल्यानं पोटरीतलं रक्त साकळतं. एखाद्याच्या शिरेत गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. लोक याला विमानाचा आजार म्हणतात, पण विमानाचा यात दोष थोडा आहे. 1940 साली लंडनवर बाँब पडत होते तेव्हा माणसं तळघरांत रात्ररात्रभर आरामखुर्च्यांवर बसून काढायची. त्यांतली काही बाँबनं मेली नाहीत, सकाळी उठून चालायला लागली आणि कोसळली. कीथ सिम्पसन नावाच्या डॉक्टरनं 'लॅन्सेट'मध्ये त्याचं कारण लिहिलं: खुर्चीची पुढची आडवी काठी मांडीखाली रुतते, रक्त अडतं, गुठळी होते. उपाय काय, तर खुर्च्या काढा, झोपायला फळ्या द्या. यात विमान कुठंच नाही. फक्त खुर्ची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली सांगितलं की चार तासांपेक्षा जास्त प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि त्यांनी विमानाबरोबर मोटार, बस, आगगाडी हेही धरलं. दुप्पट ऐकून घाबरू नका, निरोगी माणसात तो सहा हजारांत एखादा. पण वजन जास्त असलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायका, घराण्यात गुठळ्यांचा इतिहास असलेले, यांना जास्त. आणि यादीत एक गंमत आहे: फार उंच माणसं आणि 160 सेंटिमीटरच्या आतली बुटकी माणसं. उंचाचे गुडघे पुढच्या सीटला लागतात, बुटक्याचे पाय लोंबकळतात आणि सीटची कड मांडीखाली रुतते. म्हणजे लंडनचीच खुर्ची. काकी जेमतेम पाच फूट.

म्हणून पायाखाली काहीतरी घ्यायला सांगितलं. "लाडवाच्या पिशवीवर पाय ठेवू?" काकी कडाडल्या. "अन्नावर?" मग तात्यांनी दुबईहून आणलेली मानेची उशी पुढं आली. ती शेवटपर्यंत काकींच्या पायाखाली होती. तात्यांना अजून माहीत नाही.

पाण्याची भानगड तर विमानात नाहीच, हायवेवर आहे. सगळे सांगतात, विमानात पाणी प्या. आमच्या भागातली बाई मुंबईला निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. कारण पेठ नाक्यापासून पनवेलपर्यंत बाईमाणसानं निर्धास्त जावं असं स्वच्छतागृह कुठं आहे, याचा तिला जन्माचा अनुभव आहे. एसटी थांबते तिथं थांबा एसटीचा असतो, बायकांचा नसतो. म्हणजे काकी विमानात चढतात त्या आधीच सुकून. वर आतल्या हवेत ओलावा दहा-वीस टक्के, घसा आणि नाक कोरडं ठणठणीत. हवाईसुंदरी पाणी घेऊन येते तेव्हा काकी मान हलवून नको म्हणतात. उठायला लागेल, शेजारच्या साहेबाला उठवायला लागेल. हे साहेब कोण, कुठले, पण त्यांची झोप काकींच्या मूत्रपिंडापेक्षा मोठी.

यावर तोडगा पैशाचा नाही, जागेचा आहे. वाटेकडची सीट घ्या. खिडकीतली माणसं कमी उठतात, त्यांना धोका जास्त, हे अभ्यासातही दिसलंय. पण आण्णांनी खिडकीच मागितली होती. "एवढं पैसं भरतोय तर बाहेरचं दिसाय नको का?" बाहेर चौदा तास ढग असतात, आण्णा. तेही रात्रीचे.

व्हेरिकोजचे मोजे मेडिकलमध्ये मिळतात. गुडघ्याखालपर्यंतचे, मापाचे. लांबच्या विमानप्रवासात लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या या मोज्यांनी चांगल्याच कमी होतात, हे 'कॉक्रेन'च्या आढाव्यात आलंय. ज्याच्या पायाला रक्तच कमी पोचतं अशा जुन्या मधुमेह्यानं मात्र डॉक्टरला न विचारता चढवू नयेत. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी 'विमानात बसण्याआधी रक्त पातळ करायची गोळी घ्या' ही सूचना पाठवणाऱ्यालाच परत पाठवा. त्या गोळीनं पोटात रक्तस्राव झाला तर पाठवणारा तिकडं येत नाही. काकींना मी व्यायाम एकच सांगितला: शिलाई मशीनचं पायडल मारता तसं टाच-चवडा, टाच-चवडा, दर तासाला पाच मिनिटं. चाळीस वर्षं परकर-पोलकी शिवली त्यांनी. म्हणाल्या, "हे व्हय? ह्याला कशाला डाक्टर लागतोय?"

तात्यांचा सल्ला वेगळा होता. "फुकट असतीया, दोन घ्यायच्या आन्‌ झोपायचं." दारू आणि उंची मिळून झोपेत रक्तातला ऑक्सिजन खाली आणतात आणि माणूस लाकडासारखा पडून राहतो, पाय न हलवता. तात्यांचं विमान तीन तासांचं होतं म्हणून ते अध्यक्षस्थानी बसू शकले.

गोळ्यांचं एक सांगून ठेवतो, कारण यात दरवर्षी कुणीतरी फसतं. शुगरची, बीपीची औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकलं तर खाली सामानात गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी. बॅग हरवली तर तेही नाही. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागं साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. 'रात्रीची गोळी' म्हणजे कुठली रात्र, हे निघण्याआधी डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. आण्णांनी ते लिहून घेतलं आणि कागद मोठ्या बॅगेत ठेवला.

साथीच्या आजारांचं या गावाला वेगळं सांगायला नको. मार्च 2020 मध्ये सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे कोरोनाबाधित निघाले, आकडा त्याच गोतावळ्यात पंचविशीच्या आसपास गेला आणि इस्लामपूर देशभराच्या बातम्यांत आलं. बहुतेक बरे होऊन घरी परतले. बोटं मात्र बरेच दिवस रोखलेली राहिली. ज्यांनी रोखली त्यांच्या घरातलीही माणसं विमानानंच आली होती. विमानाच्या हवेला उगाच दोष देतात. ती हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि बारीक गाळणीतनं फिरते. धोका असतो शेजारी खोकणाऱ्याचा. त्यामुळं मास्क जवळ असावा, आणि ताप असेल तर माणसानं घरी असावं. पण तिकीट परत होत नसेल तर आमच्याकडं ताप मोजतच नाहीत.

शेवटचा विषय खुर्चीचाच, पण चाकाच्या. जावयांनी काकींसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकींना काही झालेलं नाही. सकाळी शेतात जाऊन भांगलण करून येणारी बाई आहे. पण इंग्रजी येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, आणि व्हीलचेअर सांगितली की ढकलणारा माणूस मिळतो, तो रांगा ओलांडून दारापर्यंत नेतो. भारतातनं अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना खुर्च्यांची रांग लागते त्यामागं गुडघ्यांइतकंच हे कारण आहे. हा दुभाष्या आहे, चाकावरचा. ज्याला खरंच चालता येत नाही तो म्हातारा त्यामुळं कोपऱ्यात ताटकळतो, हे कुणाच्या मनात येत नाही. आणि नुसता सोबतीला माणूस द्यावा, हे बऱ्याच कंपन्यांच्या मनात येत नाही. चौतीस तासांच्या बसण्यात आणखी दोन तास बसणं, तेही ढकलून.

टाटांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' 8 जून 1948 ला मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबलं होतं. लोक खाली उतरले असतील, पाय मोकळे झाले असतील. आता कुठंच न थांबण्याचे पैसे जास्त पडतात.

परवा लेकीचा फोन आला. काकी पोचल्या, तब्येत ठणठणीत. विमानात दर तासाला उठून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होत्या, एकदा हवाईसुंदरीनं काही दुखतंय का विचारलं तर 'बांधावरनं फेरी मारतीया' म्हणाल्या. तिला काय कळलं कोण जाणे, पाण्याची बाटली दिली.

न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला दारात व्हीलचेअर घेऊन माणूस उभा होताच. काकींनी लाडवाची पिशवी खुर्चीत बसवली, वरनं पट्टा लावला, आणि त्या माणसाच्या मागनं चालत निघाल्या.